मदत हवी आहे: बिली लिडल ९ नंबरवर की ११ वर?

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबाचा स्कॉटिश खेळाडू बिली लिडल (जन्म १९२२, डनफर्मलिनजवळचं टाउनहिल) याच्यावर मराठीत लेख लिहितोय. एका जागी अडलोय.

ढोबळ माहिती आहे: १९३८ मध्ये क्लबात आला, युद्धात हवाई दलात नेव्हिगेटर, जानेवारी १९४६ मध्ये चेस्टर क्लबाविरुद्ध एफए कप स्पर्धेत अधिकृत पदार्पण, १९४७ चं लीग विजेतेपद, एकूण ५३४ सामने, २२८ गोल, स्कॉटलंडकडून २८ सामने. शिवाय खेळता खेळता अकाउंटंटची नोकरी! लोक क्लबाला ‘लिडलपूल’ म्हणायचे ते उगाच नाही.

अडचण अशी. तो मुळात डावा विंगर (डाव्या कडेने चढाई करणारा), म्हणजे ११ नंबर. १९५४ मध्ये क्लब दुसऱ्या विभागात घसरला आणि पुढच्याच मोसमात लिडलने लीगमध्ये ३० गोल केले. तेव्हा त्याला सेंटर फॉरवर्डला (मधला आघाडीवीर, म्हणजे ९ नंबर) खेळवत होते. पण यांतले किती गोल ९ नंबरवरून, किती विंगवरून?

मोसमवार आकडे आणि गोलांच्या तारखा जमवल्यात, त्यामुळे त्या नकोत. बहुतेक याद्यांत फक्त नावं आहेत, जागा नाही. जुन्या ब्रिटिश वृत्तपत्रांचं सशुल्क संग्रहालय माहीत आहे, पण सध्या खर्च जमणार नाही. आठवणींवर आधारलेले लेखही नकोत, ते एकमेकांशी जुळत नाहीत.

१९५४-५५ च्या प्रत्येक सामन्याचा जागांसकट संघ फुकट कुठे बघायला मिळेल? आणि लिव्हरपूलमध्ये राहणारं कुणी सेंट्रल लायब्ररीत ‘लिव्हरपूल एको’ या वृत्तपत्राची मायक्रोफिल्म बघून देऊ शकेल का?