डिझेल फोर बाय फोर खरंच एवढी पिते का? माझ्या १४ टाक्यांचा हिशोब

राजेंद्रनगरचा_राही:
परवा इंदूरला रामबागेत एका मुंजीला पंगतीत शेजारच्या काकांनी ऐकवलं, फोर बाय फोर घेतली म्हणजे दारात हत्ती बांधला, लिटरला सात किलोमीटरच्या वर ॲव्हरेज देत नाही. हे ऐकून ऐकून कंटाळलोय म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो. माझी गाडी २.२ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, म्हणजे लिव्हर ओढलं की चारही चाकांना ताकद जाते. सलग १४ वेळा राऊजवळच्या एकाच पंपावर टाकी फुल केली, नोझलचा पहिला कट पडला की थांबलो, वर एक थेंब भरू दिला नाही आणि दर वेळी किलोमीटर वहीत लिहिले.

राजवाडा-विजयनगर असं रोजचं शहर, एसी चालू: ९.४. राऊ ते मांडू जाऊन-येऊन, ऐंशीच्या आत: १३.६. तोच रस्ता, घाईत, शंभर-एकशेदहाने: ११.१. आणि हो, १३.६ आलं त्या दिवशी समोरचा स्क्रीन १४.८ दाखवत होता, लोक त्याचाच फोटो काढून ग्रुपवर टाकतात!

माझं स्पष्ट मत आहे की डिझेल फोर बाय फोरचं लिव्हर पीत नाही. आपण ९९ टक्के वेळ टू-हायमध्येच, म्हणजे नुसत्या मागच्या दोन चाकांवर असतो, तेव्हा पुढच्या चाकांना ताकद जातच नाही. पितो तो वेग. ८० चे १०० केले की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि असल्या उभ्या खोक्यासारख्या गाडीला तर तो आधीच जास्त. कंपनी सांगते तो ॲव्हरेजचा आकडा येतो लॅबमधल्या रोलरवर, एसी बंद, वेग ९० च्या वर कधीच नाही, त्यामुळे तो आपल्या एबी रोडला लागू होणार कसा?

सुदामानगरकर:
दादा वही ठेवलीत ते उत्तम, पण निष्कर्ष पटला नाही. लिव्हर टू-हायला असलं तरी ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), पुढचा डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), पुढची शाफ्ट हे सगळं सामान गाडीतच असतं ना? शंभरेक किलो लोखंड रोज विजयनगरला फिरवून आणायचं. बऱ्याच गाड्यांमध्ये टू-हायला पण पुढच्या एक्सलचे काही भाग चाकाबरोबर फिरतातच, तेल घुसळलं जातं, ते काय फुकट? वर घेताना लाखाच्या वर जास्त मोजायचे. शेवटचं लिव्हर कधी ओढलंत ते खरं सांगा. माझ्याकडे हेच इंजिन टू-व्हील ड्राइव्हमध्ये आहे, तिंचा, चोरल, पातालपाणी सगळं केलं, कुठे अडली नाही.

राजेंद्रनगरचा_राही:
जुलैत ओढलं, सिमरोलच्या आतल्या रस्त्याला. तुमच्या शंभर किलोचा हिशोब करू. सपाट रस्त्यावर १०० किलो जादा ओढायला चाकाला साधारण १० न्यूटन जोर जास्त लागतो, १०० किलोमीटरला झाली १ मेगाज्यूल ऊर्जा. लिटरभर डिझेलात ३६ मेगाज्यूल असतात, त्यातला तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो असं धरा, म्हणजे १२. तर १०० किलोमीटरमागे शंभर मिलीसुद्धा नाही! माझं १३.६ चं फार तर १३.८ झालं असतं. आणि वेगाने घालवले अडीच. मग कशावर बोलायचं आपण?

सुदामानगरकर:
सपाट रस्ता धरलात म्हणून. पलासियाच्या सिग्नलपासून पुढे बघा, दर किलोमीटरला तीनदा थांबायचं आणि तीनदा तेच लोखंड शून्यावरून चाळीसला न्यायचं, ब्रेक दाबला की ती सगळी मेहनत उष्णता होऊन गेली. शहराचा हिशोब मांडा.

राजेंद्रनगरचा_राही:
मांडला. तीन थांबे धरले तर १०० किलोमीटरला अजून दीडशे मिली लागतात, एकूण अडीचशेच्या आसपास. म्हणजे शहरात ९.४ चं ९.६. तुमचं वजनाचं म्हणणं शहरापुरतं मान्य, पण हत्ती नाही हो तो.

काळीमाती_देपालपूर:
तुम्ही दोघं शहरातले, म्हणून लिव्हर ओढलं का नाही यावर वाद चाललाय. आमच्याकडे सोयाबीनच्या दिवसांत एक पाऊस पडला की काळी माती चाकाला अशी धरते की टायरची नक्षीच दिसत नाही, नुसता गोळा फिरतो. मागच्या वर्षी आईला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, शेतातल्या घरापासून डांबर दीड किलोमीटर, फोर-लोमध्ये (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त) टाकून वीस मिनिटांत बाहेर काढली. त्या दीड किलोमीटरचं ॲव्हरेज काय आलं असेल? एक पण नसेल. ट्रॅक्टरचं ॲव्हरेज कोणी किलोमीटरवर विचारतं का? तासाला किती लिटर ते विचारतात. चिखलात गाडीचं पण तसंच मोजायला पाहिजे. तेच पुढे डांबरावर आल्यावर लिव्हर परत टू-हायला टाकायचं विसरायचं नाही, आमच्याकडे कितीतरी जण फोर-हायमध्येच, म्हणजे चारही चाकांना ताकद देत, इंदूरपर्यंत येतात आणि मग बोंबलतात. ह्या गाड्यांना मध्ये डिफरन्शियल नसतो, वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात आणि कोरड्या रस्त्यावर सगळी यंत्रणा पीळ बसल्यासारखी ताणली जाते. डिझेल जातंच, पण टायर आणि गिअर पण जातात.

सुदामानगरकर:
भाऊ तुमच्यासाठी ती गरज आहे, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. आई बऱ्या आहेत ना आता? माझा आक्षेप आहे तो सुपर कॉरिडॉरवर रील काढायला फोर बाय फोर घेणाऱ्यांवर.

काळीमाती_देपालपूर:
हो, बरी आहे एकदम.

पिथमपूर_सेकंड_शिफ्ट:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. टायर. फोर बाय फोर घेतली की महिन्याभरात मोठे ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्याचे जाड नक्षीचे टायर बसवतात. २५५/६५ आर १८ काढून २५५/७० आर १८ (रुंदी तीच, उंची जास्त) घातले तर चाकाचा व्यास ३ टक्क्यांच्या वर वाढतो, पण ओडोमीटरला ते कळत नाही, तो जुन्याच हिशोबाने मोजतो. गाडी १०३ किलोमीटर गेली तरी मीटरवर १००. म्हणजे १३ चं ॲव्हरेज नुसत्या मोजणीत १२.६ दिसणार, आणि जड रबर आणि जाड नक्षीचा खरा फटका त्यावर वेगळा. राहीभाऊ, तुमचे टायर कंपनीचेच आहेत ना?

आणि रोलरच्या टेस्टला इतकं हलकं समजू नका. त्या रोलरवर किती भार ठेवायचा हे ठरवायला गाडी आधी खऱ्या ट्रॅकवर वेगात नेऊन न्यूट्रलला सोडतात आणि वेग कसा उतरतो ते मोजतात. आपल्या पिथमपूरलाच नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या सरकारी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झाला. एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन गाड्या आपसात ताडून बघायला तो आकडा चांगला आहे, घरचं बजेट मांडायला नाही.

महूची_मुलगी:
मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या जागी शोधताय. माझं येणं-जाणं शाळा, बाजार, परत घर, एका वेळी चार किलोमीटर. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल, आणि तीही टू-व्हील ड्राइव्हच. ॲव्हरेज ८! इंजिन गरमच होत नाही, डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या नळीतल्या गाळणीत, काजळी साठते, मग ती जाळायला गाडी स्वतःच जास्त डिझेल टाकते, तेवढ्यात मी पोचते आणि इंजिन बंद करते, म्हणजे ते जाळणं अर्धवट. दोनदा लाइट लागला, वर्कशॉपमध्ये गाडी दोन दिवस पडून. मला गाडी विकताना एकाने तरी विचारायला हवं होतं की ताई तुम्ही रोज किती चालवता. ज्याचं रोजचं चार-पाच किलोमीटर आहे त्याने डिझेल घेऊच नये, मग दोन चाकं फिरोत की चार.

राजेंद्रनगरचा_राही:
ताई, शंभर टक्के बरोबर, हे मी वर लिहायला पाहिजे होतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास बायपासवर साठ-सत्तरने सलग चालवून बघा, ती काजळी जळायला साधारण ६०० डिग्री लागतात आणि तेवढी उष्णता गल्लीत येत नाही. पिथमपूरभाऊ, टायर कंपनीचेच आहेत.

घाटातला_नवीन:
जाम गेटचा घाट मी न्यूट्रलमध्ये उतरतो, त्याने ॲव्हरेज वाढतं ना?

पिथमपूर_सेकंड_शिफ्ट:
अजिबात करू नका हे, हात जोडून सांगतो. गिअरमध्ये पाय उचलला की इंजिन डिझेल बंदच करतं, चाकं त्याला फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे जास्त पिते, आणि दोन टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर, तेही जाम गेटला.

सुदामानगरकर:
मी अजूनही म्हणतो की इंदूर शहरात राहणाऱ्याला टू-व्हील ड्राइव्ह पुरते. पण कागदावरचं पुरे झालं. राहीभाऊ, येत्या रविवारी सकाळी सहाला तुमची आणि माझी, इंजिन एकच, राऊच्या त्याच पंपावरून मांडू आणि परत. ऐंशीच्या वर कोणी नाही, दोघांचे एसी चालू.

राजेंद्रनगरचा_राही:
येतो. हवेचा दाब निघण्याआधी थंड टायरवर भरू, अंतर फोनच्या जीपीएसवर धरू, ओडोमीटरवर नाही, आणि परत आल्यावर दोघांनी एकाच नोझलवर भरायचं. माझ्यात दोन माणसं असतील, तुमच्यात पण दोनच ठेवा.

सुदामानगरकर:
ठरलं. दुसरा माणूस म्हणून पिथमपूरवाल्यांना तुमच्या गाडीत बसवा, वही त्यांच्याकडे राहील.