गरम केळी भरली तर डिझेल जाणारच

माल थंड ठेवून नेणाऱ्या शीतगाडीच्या भिंतींना जाड इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) दिलं की डिझेल वाचतं, असं म्हणतात; ते पटलं. पण आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा या केळीच्या पट्ट्यात दुखणं वेगळंच आहे. मे महिन्याच्या उन्हात कापलेली केळी तशीच गरम गाडीत भरतात. गाडीचं युनिट, म्हणजे डिझेलवर चालणारं थंड करायचं यंत्र, आधीच थंड असलेला माल थंड ठेवण्यापुरतं असतं, त्यामुळे कॉम्प्रेसरला रात्रभर उसंत नाही. आधी प्री-कूलिंग करून, म्हणजे गाडीत भरण्यापूर्वीच थंड करून, केळी १३-१४ अंश सेल्सिअसवर आणा, मग भरा. त्याहून खाली नेलं तर साल काळवंडते, डिझेल जातं ते वेगळंच! भरताना दार उघडं असेल तर युनिट बंद ठेवा, नाहीतर दमट हवेने युनिटच्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) बर्फ धरतो. आणि दार घट्ट बसतं का, हे पाहायला दाराच्या रबरात कागद अडकवून, दार लावून ओढून बघा; सहज निघाला तर तिथून थंडावा गळतोय. आमच्या गाडीत खालच्या कोपऱ्यातून अलगद निघाला; दोन वर्षं आम्ही युनिटलाच शिव्या घालत होतो.