दोन पोळ्या मोजल्या, तेल कोण मोजणार?

ताई, दोन्ही वेळा दोन पोळ्या, वाटीभर भाजी, तरी वजनाचा काटा खाली हलत नाही, असं म्हणता. या यादीत तेल कुठे आहे? चार माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम होतं, म्हणजे 340च्या आसपास कॅलरी. वर पोळीचं तूप. शिवाय आपलं इंदूर! पोह्यांवर सेव, वरणावर सेव, अन् ती कुणी जेवणात धरत नाही. 30 ग्रॅम सेवेत दीडशेच्या वर कॅलरी असतात. जीरावन, म्हणजे पोह्यांवरचा तो कोरडा मसाला, मात्र खुशाल भुरभुरा.

निदान दोन आठवडे सगळं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा आणि लिहून ठेवा. रिकामी कढई ठेवून काटा शून्यावर आणा, मग तेल ओता. चमच्याचा अंदाज हमखास चुकतो. कणीक कोरडीच तोला. शनिवारी सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊबाजारात, खाल्लेलंही लिहायचं, गराडूच्या तळलेल्या फोडींसकट.

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर. आठवड्याची सरासरी बघा. खारट खाणं किंवा पाळीआधी साचलेलं पाणी किलोभर सहज फिरवतं. चार आठवडे चोख नोंदींनंतरही फरक नसेल तर डॉक्टरांना टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासणीबद्दल विचारा, चालू गोळ्याही दाखवा. स्टिरॉइडने वजन वाढतं, पण ती स्वतःहून बंद करू नका.