इतिहासावर प्रभाव कुणाचा मोठा: धर्मसंस्थापकांचा की तत्त्वज्ञांचा?

धागाकर्ता:
माझं मत स्पष्ट आहे: धर्मसंस्थापकांचा. तत्त्वज्ञ वाचावा लागतो, धर्म न वाचताही अंगात मुरतो. साधा आठवडा घ्या. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये तर्काला धरून दहा-दहा दिवसांचं कॅलेंडर आणलं. १८०६ उजाडताच ते मोडीत निघालं. सोव्हिएत सरकारने १९२९ पासून पाच, मग सहा दिवसांचा आठवडा राबवला आणि १९४० मध्ये मुकाट्याने सातावर परत आलं. एवढी सत्ता हाताशी असून रविवार हलवता आला नाही. कुठल्या तत्त्वज्ञाची अशी पकड आहे?

प्रतिसाद १:
सात दिवसांचा आठवडा येशूच्या कितीतरी आधीपासून ज्यू लोकांत होता. तो एका संस्थापकाच्या खात्यावर कसा मांडता? शतकानुशतकांची परंपरा एका पारड्यात आणि एकटा माणूस दुसऱ्यात, ही तुलनाच चुकीची आहे.

आणि पकडच बघायची तर पॅरिस बघा. १२१० मध्ये तिथल्या धर्मसभेने ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला बंदी घातली, शिकवाल तर धर्मबहिष्कार. १२५५ मध्ये तिथल्याच विद्यापीठाच्या कला शाखेने तेच ग्रंथ सक्तीचे केले! मध्ययुगातले तीन विचारवंत घ्या: इब्न रुश्द मुसलमान, मायमोनिडीस ज्यू, थॉमस अक्वायनस ख्रिस्ती. तिघंही आपापल्या श्रद्धेची मांडणी करताना ॲरिस्टॉटलचाच आधार घेतात.

धागाकर्ता:
आधार घेतात, पण कशासाठी? श्रद्धेसाठीच ना! ॲरिस्टॉटल तिथे चाकरीला आहे, मालक नाही. शिवाय हे सगळे पंडित. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस देवाचं नाव घेतो, तर्कशास्त्र उघडत नाही.

प्रतिसाद २:
बोएथियसने नेमकं तेच केलं. सहाव्या शतकातला ख्रिस्ती माणूस, तुरुंगात मृत्युदंडाची वाट बघतोय. तिथे लिहिलेल्या पुस्तकात त्याला धीर द्यायला येते ती स्त्रीरूपातली तत्त्वविद्या. देवाबद्दल खूप काही आहे, पण ख्रिस्ताचं नाव पुस्तकभर नाही. आणि हे पुस्तक मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपाने शतकानुशतकं उराशी धरलं.

प्रतिसाद ३:
दोन्ही बाजू राजाश्रय विसरतायत. सम्राट अशोक नसता तर बुद्ध इतका दूर पोचला असता का? ३८० मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म केला, तो हुकूम कमी महत्त्वाचा का? आणि कन्फ्यूशियसला कुठल्या रांगेत बसवणार? चीनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षा १९०५ पर्यंत त्याच्या परंपरेतल्या ग्रंथांवर होत.

धागाकर्ता:
मग राजाश्रय गेल्यावर काय उरलं ते बघा. ४७६ मध्ये पश्चिमेतलं रोमन साम्राज्य कोसळलं, चर्च उभं राहिलं. कन्फ्यूशियसची सद्दी परीक्षांबरोबर संपली.

प्रतिसाद ३:
अजिबात नाही. आईवडिलांशी, थोरल्यांशी कसं वागायचं, पूर्वजांचा मान कसा राखायचा, हे चीन-कोरियातली घरं आजही त्याच्याच वळणाने ठरवतात. तुमचीच कसोटी लावतोय: न वाचता अंगात मुरलेलं. या कसोटीवर तो येशू-बुद्धांच्या पंक्तीत बसतो, आणि त्याने स्वतः कुठलाही धर्म काढला नव्हता.