मदत हवी आहे: ले-आऊटच्या मोकळ्या जागेत भाजी लावली, आता सगळी जळतेय

सांबारवडी
नमस्कार. घाईत लिहितेय. आमच्या ले-आऊटमधली ओपन स्पेस बारा वर्षं नुसती पडून होती. गाजरगवत, दारूच्या बाटल्या, कोणाच्या तरी घराचा मलबा. यंदा मे महिन्यात आम्ही चौदा जणींनी ती साफ केली, वाफे पाडले. पावसाळ्यात चवळी, भेंडी, अंबाडी एवढी आली की वाटून उरली. दिवाळीनंतर मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) टाकला. उगवण बरी झाली, पण चार पानांवर आलं की कडा करपतात, मग पिवळं पडतं, मग गेलंच. दोनदा बी टाकून झालं. शेणखत भरपूर आहे, पाण्याचा काही प्रश्न नाही, रोज देतो. कोणतं औषध मारू? मंगळवारी गटाची बैठक आहे आणि निम्म्या बाया "सोडा आता हा नाद" म्हणताहेत.

काळीमाती
गाव कोणतं? माती कशी? पाणी कशाचं? एखादा फोटो?

जीवामृतवाला
ताई, औषध मारूच नका, जीवामृत द्या. 200 लिटर पाण्यात 10 किलो देशी गाईचं शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. ही पद्धत सांगणारे सुभाष पाळेकर गुरुजी आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, 2016 साली पद्मश्री मिळाली. माझा संत्र्याचा बगीचा बघायला या एकदा.

बिनकामाचा
रोग कळायच्या आधीच काढा उकळला.

जीवामृतवाला
उकळत नाहीत. वाचत जा.

आरामखुर्ची
जागा कोणाच्या नावावर आहे? ई-क्लास (सरकारी गायरान) असेल तर सावध राहा. गावाच्या सामायिक जमिनींवरच्या अतिक्रमणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा निकाल आहे आणि त्यापाठोपाठ आपल्या राज्याचा 12 जुलै 2011 चा शासन निर्णय. नागपूर विभागात असाल तर झुडपी जंगल आहे का तेही पाहा, त्यावर मे 2025 मध्ये वेगळा निकाल आलाय. आधी सातबारा काढा, मेथीचं नंतर.

सांबारवडी
काका, ई-क्लास नाही, झुडपीही नाही. मंजूर ले-आऊटची खुली जागा आहे, ग्रामपंचायतीचा ठराव घेतलाय, सरपंचबाई स्वतः गटात आहेत. मेथी का मरतेय तेवढं सांगा ना कोणी.

लंडनवासी_अकोलेकर
वाचून फार बरं वाटलं. इकडे अशा जागांना अलॉटमेंट म्हणतात, 1908 चा कायदाच आहे त्यासाठी. एका कुटुंबाला साधारण 250 चौरस मीटरचा तुकडा, वर्षाचं भाडं, स्वतःचा वाफा स्वतः सांभाळायचा. तुम्ही सगळं सामायिक ठेवलंय का? तिथंच गोची आहे. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. मी यंदा बीट आणि...

वऱ्हाडीठेचा
लंडनचं बीट राहू द्या राजेहो. ताई, वानेरं येतात का तुमच्याकडं? आमच्याइथं भेंडी लावली तं आमच्या आधी थेच खाऊन जाऊन राह्यले. अन् रात्री रोही (नीलगाय). कुंपण काय केलं थे सांगा आधी.

काळीमाती
मंडळी, थांबा जरा. ताई, माझे तीन प्रश्न तसेच पडलेत.

सांबारवडी
दर्यापूरकडचं खेडं. माती काळीच, आणखी कुठली असणार? पाण्याचं लिहिलंय की, प्रश्न नाही म्हणून.

काळीमाती
दर्यापूर! अहो, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. तुम्ही पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आहात, जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरचं पाणी देता का?

सांबारवडी
खारपाणपट्टा आहे हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे, म्हणून नाही लिहिलं. आणि बोअरचं कोण देईल? जागेला लागूनच पाण्याचं एटीएम आहे, पाच रुपयांत कॅन भरून मिळते. तिथलं वाया जाणारं पाणी नालीत जात होतं. आम्ही पाईप टाकून ते वाफ्यांत घेतलं. दिसायला एकदम नितळ, आणि फुकट.

काळीमाती
ताई, सापडलं.

ते मशीन बोअरच्या पाण्यातला क्षार नाहीसा करत नाही, फक्त बाजूला काढतं. गोडं पाणी कॅनमध्ये जातं आणि त्यातला जवळजवळ सगळा क्षार मागे उरलेल्या पाण्यात. म्हणजे बोअरपेक्षाही खारं पाणी तुम्ही रोज मेथीला पाजताय. पावसाळ्यात भाजी का आली? कारण तेव्हा वरून गोडं पाणी पडत होतं आणि पाईप बंद असणार. एटीएमवाल्याकडं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर असतो, दोन्ही पाणी मोजून घ्या.

सांबारवडी
मोजलं. बोअर 2300, पाईपचं 4100. हे किती वाईट?

काळीमाती
4100 ला 640 ने भागा, म्हणजे पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, खारेपणाचं माप) कळतो, साडेसहाच्या आसपास येतो. ओलितासाठी 3 च्या वर गेलं की धोक्याचं धरतात. पालक थोडाफार तग धरतो, मेथीचं कोवळं रोप नाही. पाईप आजच काढा.

जीवामृतवाला
जीवामृताने क्षारही कमी होतो.

काळीमाती
भाऊ, बेसनाने मीठ जात नाही. कढीत जास्त पडलं तर जातं का?

कृषीसहायक_निवृत्त
जिप्सम टाका. कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतं. पण हुसकावलेला सोडियम वाहून न्यायला गोडं पाणी आणि निचरा लागतो, म्हणून मृगाच्या आधी टाकायचं, आता नाही. त्याआधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती-पाणी तपासून घ्या, प्रमाण तेच सांगतील. घरच्या घरी बघायचं असेल तर सुकलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात गोड्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. सकाळी पाणी दुधाळ दिसलं तर जमीन चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) होतेय असं समजा.

लंडनवासी_अकोलेकर
जूनपर्यंत चौदा बाया ग्लासाकडं बघत बसणार का? सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबात खाण्याचे वांधे झाले, तेव्हा हवानाच्या लोकांनी रिकाम्या प्लॉटवर कडेला विटा-दगड रचून त्यात कंपोस्ट भरलं आणि भाजी काढली. खालची माती खराब असली तरी चालली. तुमच्याकडं शेणखत आहे, मलब्यातल्या विटा आहेत.

कृषीसहायक_निवृत्त
हवाना ठीक आहे, पण वरच्या वाफ्यालाही पाणी खारंच दिलंत तर तेही महिन्या-दोन महिन्यांत खारवेल.

काळीमाती
दोघांचंही बरोबर आहे. विटांचे चार-पाचच वाफे करा, नळाच्या पाण्यावर भागतील तेवढे. बाकी जागा जूनपर्यंत मोकळी ठेवा. समाजमंदिराचा पत्रा आहे ना जवळ? 1000 चौरस फूट पत्र्यावर 1 मिलिमीटर पाऊस पडला तरी 90 लिटर पाणी येतं. पुढच्या दिवाळीसाठी टाकी आत्तापासून बघा. घोळ आणि चाकवत लावा, थोडा क्षार सोसतात.

वऱ्हाडीठेचा
अन् कुंपण?

सांबारवडी
बैठक झाली. काल रात्री ढेकूळ ग्लासात टाकून ठेवलं होतं. सकाळी सासूबाईंनी ताक समजून ग्लास उचलला. म्हणजे उत्तर मिळालंच. चार वाफे विटांचे करायचे ठरलं, दोघी-तिघींत एक असे वाटून घेणार, लंडनच्या दादांचं तेवढं ऐकलं. नळाचं पाणी चार दिवसांआड येतं, म्हणून दोन ड्रम घेतले. वानेरांसाठी सध्या सरपंचबाईंचा कुत्रा.

पाईप काढून पाणी परत नालीत सोडलंय. आता एकच. नाली पुढे आमच्या चुलत सासऱ्यांच्या पऱ्हाटीत (कपाशीत) उतरते. तीन वर्षं झाली, कडेच्या दहा-बारा ओळी खुरट्याच राहतात आणि ते बियाणेवाल्याला शिव्या घालतात. त्यांना कसं सांगू? एटीएमची जागा त्यांनीच दिलीय.

आरामखुर्ची
त्या शेताचा गट नंबर काय?