मोटरहोम उंच करावी की तिच्या पोटाखालचे सामान आवरावे?

घाटवाट (धागाकर्ता)

लांब चॅसीच्या (सांगाड्याच्या) प्रवासी व्हॅनवर बांधून घेतलेली मोटरहोम मी दोन वर्षांपासून कोल्हापुरात वापरतो आहे. गगनबावड्याच्या रस्त्यावर एका गावातील गतिरोधकावर तिचा सायलेन्सर घासला. पुढच्याच महिन्यात राधानगरीकडे एका स्नेह्यांच्या शेतात शिरताना पुढची चाके मोरीच्या चढावर गेली आणि मागे लोंबणारी सांडपाण्याची टाकी जमिनीला टेकून तिचा नळ तुटला. त्यानंतर काय झाले ते जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले ही आनंदाची गोष्ट आहे, पण धोरणाला गतिरोधक आडवे येत नाहीत, गाडीला येतात.

माझ्या मते आपल्या जिल्ह्यात ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि जमीन यांतले अंतर) वाढवल्याशिवाय मोटरहोम बाळगण्यात अर्थ नाही. मागचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) यांच्यामध्ये 75 मिलिमीटरचे ठोकळे, पुढेही त्याच मानाने उंची आणि सोबत जाड टायर असा माझा बेत आहे. विरोध असल्यास कारणासह मांडावा.

काटकोन

विरोध आहे, आणि तो ‘घाटवाट’ यांच्या अडचणीला नसून उपायाला आहे. त्यांनी सांगितलेल्या दोन घटना वेगवेगळ्या आहेत. सायलेन्सर घासला तो दोन्ही ॲक्सलच्या मधल्या भागात, आणि टाकी टेकली ती मागच्या चाकामागे लोंबणाऱ्या भागात. या दोन्हींना ‘गाडी खाली आहे’ असे एकच नाव दिले की औषधही एकच सुचते.

टाकीचा तळ मागच्या चाकापासून दीड मीटर मागे आणि जमिनीपासून 240 मिलिमीटर उंच आहे असे धरू. मग चढाला लागताना मागचा भाग जमिनीला न टेकता सुटण्याचा कोन साधारण 9 अंश येतो. संपूर्ण गाडी 75 मिलिमीटर उचलल्यास तो 12 अंशांच्या आसपास जातो. तीच टाकी, तितक्याच उंचीवर ठेवून, चाकाच्या मागे 70 सेंटिमीटरवर आणली तर टाकीपुरता कोन जवळजवळ 19 अंश होतो. त्यानंतर बंपर आधी टेकेल हे खरे, पण 1.6 मीटर मागे असलेल्या बंपरची खालची कड 400 मिलिमीटरवर असेल तर तिथेही 14 अंश मिळतात. म्हणजे गाडी न उचलताच अधिक फायदा, आणि खर्च फक्त दोन पट्ट्या व पाइपचा.

शिवाय ठोकळ्यांनी डिफरन्शियल (मागच्या चाकांना इंजिनचा जोर वाटून देणारा गिअरचा गोळा) एक मिलिमीटरही वर येत नाही, कारण ते ॲक्सलवरच असते. त्याला वर नेतो तो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. 215/75 आर 16 मापाचा टायर काढून 225/75 आर 16 बसवला तर व्यास 15 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे ॲक्सल साडेसात मिलिमीटर वर येतो, आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे दोन टक्के कमी दाखवू लागतो. एवढ्यासाठी चार टायर बदलायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

घाटात उंची वाढवण्याची किंमत मोजावी लागते. दोन चाकांमधले अंतर 1.7 मीटर आणि गुरुत्वमध्य 1.2 मीटरवर धरला, तर तो 75 मिलिमीटरने वर गेल्यावर उलटण्याविरुद्धची स्थिरता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. करूळ घाटाच्या वळणावर बाजूने वारा आणि छपरावर सौर पॅनेल असताना हा हिशेब कागदावर राहत नाही.

पाटेवाला

उद्यमनगरात आमच्या घरी तीन पिढ्या पाट्यांचे काम चालते, म्हणून बोलतो. काटकोन यांचे गणित बरोबर आहे, पण त्यांनी गाडी मूळ उंचीवर उभी आहे असे गृहीत धरले आहे. माझ्याकडे येणाऱ्या मोटरहोमपैकी बहुतेकांच्या पाट्यांची कमान (बाक) उतरलेली असते. पलंग, फ्रीज, बॅटऱ्या, पाणी आणि वर माळ्यावर तंबू, हे सगळे बहुधा मागे. दीड मीटर मागे टांगलेले 100 किलो, चार मीटर व्हीलबेस (पुढच्या व मागच्या ॲक्सलमधले अंतर) असल्यास, मागच्या ॲक्सलवर स्वतःच्या वजनाखेरीज साडेसदतीस किलो जास्त टाकतात आणि तेवढेच पुढच्या ॲक्सलवरून उचलतात. मग स्टिअरिंग हलके लागते आणि मालक त्याला चांगले लक्षण समजतात.

म्हणून आधी वजनकाट्यावर पुढचा व मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घ्यावा. वजन मर्यादेत असेल आणि पाटे बसले असतील, तर त्यांना पुन्हा कमान द्यावी किंवा संच बदलावा. ही उंची गाडीची स्वतःचीच आहे, ती परत मिळवणे म्हणजे फेरफार नव्हे. ठोकळा मात्र शेवटचा उपाय. उंच ठोकळ्यावर ब्रेक मारला किंवा चढावर जोर दिला की ॲक्सल पिळतो आणि जॉइंट शाफ्टच्या (मागच्या ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, ताण येतो. सुकाणूच्या, म्हणजे पुढच्या, ॲक्सलवर तर ठोकळा टाकूच नये.

घाटवाट

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार, पण काटकोन यांना एक प्रश्न. टाकी पुढे आणताना जागा पाहून ती दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणली तर गतिरोधकावर तीच आधी घासणार नाही का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. तशावरून माझी गाडी अलगद जाते. परंतु गावोगावी हातभर रुंद आणि वीतभर उंच ढिगारे घातलेले आहेत. पुढची चाके पलीकडे आणि मागची अलीकडे असताना 200 मिलिमीटरवरचा सायलेन्सर त्यावर बसणारच. तिथे तुमचे कोन काय करणार?

काटकोन

मुद्दा मान्य आहे. म्हणूनच मी टाकी मागच्या चाकालगत, पण मागेच ठेवायला सांगितले. सायलेन्सरचे म्हणाल तर तो चॅसीच्या बाजूला सरकवून थोडा वर बांधता येतो का ते पाहावे; जागा नसेल तर पाट्यांना मूळ कमान देऊन मिळेल तेवढ्यावर समाधान मानावे. फक्त मागचा भाग 75 मिलिमीटर उचलला तरी बरोबर मध्यावर त्यातले निम्मेच मिळते, हे विसरू नये.

चूलबोळकी

मी सासू-सासऱ्यांना घेऊन आंबोली, आंबा असे प्रवास करते आणि गाडी स्वतः चालवते. या चर्चेत पायरीचा विषय कोणीच काढला नाही. माझ्या गाडीची पहिली पायरी आताच सासूबाईंच्या गुडघ्याला जड जाते. तिची उंची आणखी तीन इंच वाढली तर सरकती पायरी लावावी लागेल, आणि ती पायरी खाली लोंबणार! फिरून तेच.

दुसरे म्हणजे ब्रेक. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो चॅसी व ॲक्सल यांमधल्या अंतरावरून भार ओळखतो. ठोकळे टाकल्यावर भरलेली गाडी त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. आंबा घाट उतरताना हे कळणे परवडणारे नाही.

तिसरे, मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर ठोकळे मोजत बसला तर त्याला काय सांगणार?

पाटेवाला

ताईंचा व्हॉल्व्हचा मुद्दा कमान देतानाही लागू आहे. काम झाल्यावर त्याची दांडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि हेडलाइटचा झोतही.

घाटवाट

रविवारी गाडी काट्यावर नेली. पाण्याची टाकी भरलेली असताना मागचा ॲक्सल मर्यादेपेक्षा 210 किलो जास्त भरला, आणि डावीकडचे पाटे जवळजवळ सरळ झालेले निघाले. ठोकळ्यांचा बेत तूर्त बाजूला ठेवतो. पिण्याच्या पाण्याची टाकी आत, पुढच्या बाकाखाली येईल आणि सांडपाण्याची चाकालगत सरकेल. टायरबाबत मात्र माझे मत बदललेले नाही, साडेसात मिलिमीटर तर साडेसात. राधानगरीच्या स्नेह्यांना हे सर्व सांगितले, तेव्हा ते म्हणाले की गाडीला एवढे सगळे करण्यापेक्षा मोरीचा चढ दोन ट्रॉल्या मुरूम टाकून लांबवतो, उसाच्या ट्रॅक्टरलाही तो हवाच होता.