मदत हवी आहे: कॅप्टन अमेरिका नक्की कुठल्या विचारांचा?

मार्व्हलच्या सिनेमांमधल्या स्टीव्ह रॉजर्सच्या (म्हणजे कॅप्टन अमेरिकाच्या) राजकारणावर लेख लिहितोय आणि एका सीनपाशी अडकलोय. 'सिव्हिल वॉर' सिनेमात (२०१६) ११७ देशांनी मान्य केलेल्या, सुपरहिरोंना संयुक्त राष्ट्रांच्या नियंत्रणाखाली आणणाऱ्या सोकोव्हिया करारावर सही करावी म्हणून टोनी (आयर्न मॅन) त्याला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९४१ मध्ये लेंड-लीजवर (दुसऱ्या महायुद्धात मित्रदेशांना मदत देणाऱ्या कायद्यावर) सही केलेली पेनं दाखवतो, स्टीव्ह जवळजवळ तयार होतो, पण त्यांच्या टीममधल्या वांडाला टोनीने कोंडून ठेवलंय हे कळल्यावर पेन परत ठेवून देतो. मला तो सीन फार आवडतो. आता पोरगा वाढला मंदीच्या न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे न्यू डीलवाला (रूझवेल्टच्या मंदीतल्या सरकारी योजनांचा समर्थक) असणार, मग सरकारी नियंत्रण का नको? त्याआधीचा 'विंटर सोल्जर' सिनेमा पुन्हा बघितला, तिथेही पाळत ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेलाच विरोध. कॉमिक्स नकोत, फक्त सिनेमे धरायचेत. हा नकार व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हणायचा की न्यू डीलच्या उदारमतवादातही बसतो, आणि कुठल्या सीनवरून?